कॉफी आधी प्यायची नसते

आमच्या घरामागच्या ओढ्यावर वेलींनी परत पानं धरली आहेत. मंदार, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो की ओढा कसला, पावसाचं पाणी वाहून जायला खणलेला चर आहे तो. असेल. टेक्सासातल्या ह्या प्लेनोत ज्यात पाणी वाहतं आणि ज्याच्या काठावर अजून कुणी पार्किंग लॉट केलेला नाही, त्याला मी ओढाच म्हणणार. एप्रिल लागला की काठच्या झाडांवरून, तारेच्या कुंपणावरून रानद्राक्षांचे वेल खाली उतरतात. पान आधी तांबूस असतं, मग पोपटी, आणि चार दिवस लक्ष दिलं नाही की जाड, हिरवं, आपल्याच तोऱ्यातलं. खुडायचं ते पोपटी असताना.

यंदा मी खुडायला गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं. सून म्हणाली, "आई, पिशवी काढून ठेवलीय हं." मी म्हटलं, "राहू दे." ती शहाणी आहे, तिने पिशवी परत खुंटीला लावली. आतल्या टीव्हीवर कुठल्याशा हॉटेलबाहेर काळ्या गाड्या उभ्या होत्या आणि एक बाई माइक धरून सांगत होती की बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत.

मी तासगावची. द्राक्षांच्या बागेत रांगले म्हटलं तरी चालेल. एप्रिलमध्ये आमच्याकडे खरड छाटणी असते. वेल पार बोडका करतात. बागेत पानांचे ढीग पडतात आणि गावातल्या झाडून सगळ्या शेळ्यांची दिवाळी होते. ते पान माणसाने खायचं असतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर टेक्सासात कळलं. इथे आले त्या पहिल्याच वसंतात ओढ्याकाठी फिरायला गेले, तर डोक्याला रुमाल बांधलेली माझ्याच वयाची एक बाई भराभर पानं खुडून पिशवीत भरत होती. मला इतका आनंद झाला! म्हटलं, चला, ह्या देशात कुणाकडे तरी शेळ्या आहेत. माझं इंग्रजी तेव्हा आजच्याहून अगाध. विचारलं, "हाऊ मेनी गोट्स?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. साडी, वर मंदारचं जॅकेट, खाली सुनेचे बूट. आणि अतिशय गंभीरपणे म्हणाली, "तीन. एक मुलगा, एक सून, एक नात."

ती उम्म करीम. म्हणजे करीमची आई. त्यांच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, आणि आमच्या गल्लीत तरी दुसरं काय होतं? बंड्याची आई, सुरेखाची आई. मी तिला हे सांगितल्यावर तिने तिथल्या तिथे माझं नामकरण केलं, "मग तू उम्म मंदार." तिचं माहेर गाझाचं. नवऱ्याबरोबर तरुणपणी इकडे आली, नवरा गेला, आता आमच्यापासून दोन घरं सोडून मुलाकडे राहते. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण ते इंग्रजी ऐकून आमच्या नाती तोंडावर उशी दाबून हसायच्या.

तिने मला पानं ओळखायला शिकवलं. ज्या पानाच्या पोटाला पांढरी लव, ते घ्यायचं नाही, घशात खवखवतं. मी म्हटलं, हे तर आमच्या अळूसारखं. मग पानं उकळत्या पाण्यात बुचकळून काढायची, देठ खुडायचा, चिमूटभर तांदूळ-खिमा ठेवायचा आणि करंगळीएवढी गुंडाळी वळायची. माझा गुरुवार असला की माझ्यासाठी नुसता तांदूळ आणि टोमॅटो. माझा हात अळूवडीचा, चांगला मनगटाएवढा उंडा करणारा. माझी पहिली गुंडाळी बघून ती म्हणाली, "हे जेवण आहे की गादी?" मी म्हटलं, "तुझी बघ, विडी आहे विडी." झालं, मैत्री झाली.

महिन्यातून एकदा दुपारी इथे प्लेनोत वादळाच्या भोंग्याची चाचणी घेतात. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी हातातली गुंडाळी टाकून टेबलाखाली जायच्या तयारीत. ती मात्र वळत बसलेली. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "भोंगा वाजला म्हणजे कुणीतरी तुम्हाला वाचवायचं ठरवलंय. आमच्याकडे भोंगा नसतो. थेट येतं." आणि पातेल्यातलं पुढचं पान उचललं.

आता माझ्याविषयी थोडं, कारण हसायला काहीतरी हवं. तरुणपणी मी आमच्या पंचक्रोशीतली नामांकित मध्यस्थ होते. लग्नाची बैठक असो, भावांची वाटणी असो, नवऱ्याशी भांडून माहेरी आलेली पोर असो, "सुमनताईंना बोलवा." आणि ही सुमनताई काय सांगावी! नाकात चमकी, पदर खोचलेला, आणि डोक्यात अक्कल सोडून बाकी सगळं. सतरंजीच्या बरोब्बर मध्ये जाऊन बसायची. दोन्हीकडचं ऐकताना मान अशी हलवायची की दोघांनाही वाटावं ही आपलीच. मग एक मोठा उसासा, आणि ठरलेलं वाक्य, "दोघांचंही राहिलं पाहिजे बाई!" ऐकणाऱ्याला वाटायचं, काय न्यायबुद्धी! खरं म्हणजे बाईसाहेबांना साडेपाचच्या एसटीने घरी जायचं असायचं.

ही कीर्ती मी उम्म करीमला मोठ्या तोंडाने सांगितली. तिने विचारलं, "मग तू मिटवायचीस कसं?" मी म्हटलं, "सोपं आहे. आवाज ज्याचा मोठा त्याला चहा द्यायचा, आणि ज्याचा लहान त्याला बाजूला घेऊन सांगायचं, तू थोडं नमतं घे." ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "उम्म मंदार, तू इथे पानं काय वळत बसलीस? तुला तर वॉशिंग्टनला पाठवायला हवं."

मीही हसले. पण ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. खरंच की. मुलीचा बाप आधीच कमरेत वाकलेला असायचा, आणि मी त्यालाच आणखी वाकवायची. कारण वाकणाऱ्याला वाकवणं सोपं. ताठ बसलेल्याला कोण हात लावणार?

उम्म करीमचा धाकटा भाऊ फुआद. पलीकडच्या गावात राहायचा आणि रविवारी यायचा. बारीक, टापटीप, मागच्या अंगणात जेवायलाही टाय लावून बसणारा. तरुणपणी तो दुभाषा होता. त्यांच्या लोकांची आणि परक्यांची बोलणी व्हायची तेव्हा एकदा तो खोलीत होता, ह्यांचं त्यांना आणि त्यांचं ह्यांना सांगत. त्याचा मध्यस्थांवर विश्वास होता, आणि त्याच्या बहिणीचा तितकाच नव्हता. रविवारच्या जेवणात तिखटमिठासारखा हा वाद असायचाच.

"बघा, परत हॉटेल," ती टीव्हीकडे बोट करून म्हणायची. "आमच्या नशिबाचं बोलणं जिथे होतं तिथे न्याहारीला सहा प्रकारचं चीज असतं."

"ताई, मी होतो तिथे. चीज अगदीच वाईट होतं."

"मग तरी उठून यायचंस!"

फुआद हसायचा आणि मग शांतपणे सांगायचा, "दुबळ्याला तिसरा माणूस लागतोच. दोघांनाच खोलीत ठेवलं तर जो दांडगा, तोच बोलणार. बाहेरचा कुणी बसला असेल तर निदान दार तरी उघडं राहतं."

"आणि तो तिसराच जर दांडग्याला दांडकी पुरवत असेल? मध्ये काय, खाटकाचा ओंडकाही असतो. बकरा आणि सुऱ्याच्या मध्ये."

करीमची मुलगी लीना तेव्हा कॉलेजात होती. तिला दोघांचंही पटायचं नाही. ती इंग्रजीत म्हणायची, "मध्यस्थ कशाला? मध्यस्थ आला म्हणजे आपण मान्य केलं की दोघांनी थोडं थोडं सोडायचं. माझ्या घरात कुणी घुसलं तर मी मध्यस्थ बोलावेन की जज?" फुआद म्हणायचा, "जज कोण नेमणार, बेटा?" अशा वेळी आपण कॉफीचे कप उचलावेत हे उत्तम.

कॉफीवरूनच एकदा उम्म करीमने मला ती गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे दोन घरांत तंटा झाला, अगदी रक्तपातापर्यंत गेला, की गावातली वडीलधारी माणसं मिळून ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्या घरी जातात. तो कितीही संतापलेला असो, दारात आलेल्यांना बसवतो आणि कडू कॉफी ओततो. आलेल्यांतला सगळ्यांत ज्येष्ठ कप समोर ठेवतो आणि हात लावत नाही. म्हणतो, आमचं एक मागणं आहे, ते मान्य होईपर्यंत ही कॉफी अशीच राहील. मग बोलणं. कधी तासभर, कधी दिवसभर. शेवटी घरधनी म्हणतो, "प्या तुमची कॉफी." म्हणजे मिटलं.

"माझे आजोबा जायचे," ती म्हणाली. "आणि पुढचं ऐक. कॉफी प्यायली की तो पिणारा जामीन होतो. ज्याच्यासाठी तो आला त्याने शब्द मोडला तर अब्रू जामिनाची जाते. तो घरी जाऊन झोपू शकत नाही. आमचे आजोबा एकदा एका दुष्टाला जामीन राहिले, आणि पुढे वर्षभर अन्याय झालेल्या घराच्या दाराशी रोज जाऊन बसायचे, कुणी हात लावू नये म्हणून." थोडा वेळ ती पान सरळ करत राहिली. "परदेशातून येतात ते आधी कॉफी पितात. दोन्हीकडे पितात. मग जेवतात, मग फोटो काढतात. आणि शब्द मोडला की टीव्हीवर येऊन सांगतात, आम्हाला काळजी वाटते."

आणि तासगावच्या सुमनताई? त्या तर बैठक सुरू होण्याआधीच दुसरा कप मागवायच्या, आणि वर विचारायच्या, "आलं संपलं का तुमच्याकडचं?" सासरी नांदायला परत पाठवलेल्या कुठल्याही पोरीच्या दाराशी त्या कधी जाऊन बसल्या नाहीत. एसटी होती ना साडेपाचची.

मागच्या वर्षीचा एप्रिल. पाऊस भरपूर झाला होता आणि वेली अशा माजल्या होत्या की कुंपण दिसेना. रस्त्याच्या कडेला निळी फुलं पसरलेली. हवेत गारांच्या आधीचा तो ओला, लोखंडासारखा वास. आणि उम्म करीमची धाकटी बहीण हनान गाझात, तिच्या घरात. तिच्या नवऱ्याचं एक अंग अर्धांगवायूने गेलेलं. त्यांच्या वस्तीला घरं सोडून दक्षिणेकडे जायचा सैन्याचा हुकूम आला होता. शेजाऱ्याची गाढवगाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती आणि तीत दोघांपुरती जागा होती. जायचं की राहायचं, एवढाच प्रश्न. हनानने फोन करून थोरल्या बहिणीला विचारलं. हनान ऐकायची ती हिचंच.

"जा म्हणणार आहे मी तिला," उम्म करीम मला म्हणाली. "सामान राहू दे, भांडी राहू दे, माणसं घेऊन जा." आम्ही स्वयंपाकघरात होतो. गॅसवर उरलेल्या पानांसाठी पाणी ठेवलेलं. तेवढ्यात फुआद आला. रविवार नव्हता तरी आला. टाय होता.

तिने सवयीने कॉफी ओतली. त्याने कप समोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

ती आधी हसलीच. "फुआद, नाटकं पुरे. गार होईल."

तो हलला नाही. पुढचं सगळं अरबीत झालं. लीना माझ्या कानाशी बसून हळू आवाजात सांगत होती, तेव्हाही आणि नंतरही, म्हणून मला कळलं. तो म्हणाला, "ताई, माझं मागणं आहे. हनानला थांब म्हण. रस्त्यावर काय चाललंय ते तू बघतेस. त्याला गाडीवर आडवा घालून नेणार? कुठे, तंबूत? दोन-तीन दिवसांत युद्धबंदीवर सही होतेय."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणालं नाही, म्हणूनच. मी त्या लोकांना ओळखतो. 'प्रगती आहे' म्हणतात तेव्हा काही नसतं. 'आम्ही आशावादी आहोत' म्हणतात तेव्हा तर काहीच नसतं. काल ते बाहेर आले, एक शब्द न बोलता गाडीत बसले. ठरल्याशिवाय ही माणसं गप्प बसत नाहीत." मग त्याचा आवाज बदलला. "अठ्ठेचाळीसच्या लढाईत आई पंधरा दिवसांसाठी म्हणून घरातून निघाली होती, ताई, ती कधीच परत जाऊ शकली नाही. आपण सगळे त्या पंधरा दिवसांत जन्मलो. हनानला घर सोडायला लावू नकोस. सोडलं की संपलं."

उम्म करीमचा मध्यस्थांवर विश्वास नव्हता, पण आईचे ते पंधरा दिवस तिच्याही अंगात होते. आणि माझ्या आतली सुमनताई जागी झाली. जन्माची खोड. दोघांचंही राहिलं पाहिजे! आता काहीतरी मधलं सुचवू, गाडी एक दिवस थांबवता येईल का असं काही, म्हणून मी तोंड उघडलं. उम्म करीमने माझ्याकडे न बघताच पानांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "तू वळ," म्हणाली. मी वळायला लागले. गुंडाळीतून तांदूळ सांडत होता.

पाणी उकळून झाकण उडायला लागलं. कुणी उठेना. शेवटी ती फार हळू म्हणाली, "पी तुझी कॉफी."

त्याने गार झालेली कॉफी एका घोटात प्यायली. तिने तिथेच, आमच्यासमोर फोन लावला. लागला लगेच, एरवी लागत नसे. "थांब," ती म्हणाली. पलीकडून हनानने एवढंच विचारलं, "कोण म्हणतंय?" "फुआद म्हणतोय." "फुआद म्हणतोय तर थांबते," हनान म्हणाली, आणि मग विचारलं की तुमच्याकडे पानं आली का.

सही झाली नाही. कुठल्याशा कलमातल्या एका शब्दावर अडलं, असं टीव्हीवर सांगितलं. काळ्या गाड्या विमानतळाकडे गेल्या. जाताना एकजण म्हणाला की दार बंद झालेलं नाही, आम्ही आशावादी आहोत. आणि आठवडा संपायच्या आत हनानचं घर बॉम्बने खाली आलं. ती आणि तिचा नवरा आतच होते. गाढवगाडी दक्षिणेत सुखरूप पोचली होती. त्या गाडीवरच्या शेजाऱ्यानेच फोन करून कळवलं.

मी तेव्हा ओढ्यावर होते. लीना कुंपणापर्यंत धावत आली आणि "सित्ती सुमन" एवढंच म्हणाली. सित्ती म्हणजे आजी. मी पिशवी तिथेच ठेवली. ती कुणी उचलली, कुणास ठाऊक.

दुखवट्याला आलेल्या माणसांनी करीमचं घर भरून गेलं. बायका आत, पुरुष बाहेरच्या खोलीत, सगळीकडे खजूर आणि ती कडू कॉफी. आमच्याकडून मंदार गेला, सून गेली. मी तर तिथेच होते. ज्यांच्या गप्प बसण्यावर एका दुभाष्याने आपली बहीण पणाला लावली होती, त्यांच्यातलं कुणी येणार नव्हतं, आणि येण्याची अपेक्षाही कुणाची नव्हती. त्यांना हनान नावाची बाई माहीतच नव्हती. त्यांना झोप लागली असेल. ज्याला लागत नव्हती तो दारात, चपला-बुटांच्या ढिगाजवळ बसला होता. आत ये म्हटलं तरी येत नव्हता. जेवत नव्हता, आणि रडतही नव्हता. टाय नव्हता.

तिसऱ्या दिवशी गर्दी पांगली तेव्हा फुआद उठला आणि उंबऱ्यावर येऊन बहिणीसमोर उभा राहिला. लीना माझ्या शेजारीच होती. तिने सवयीने माझ्या कानात सांगायला सुरुवात केली. "तो म्हणतोय, जामीन मी होतो."

उम्म करीमने त्याच्याकडे बघितलं. तीन दिवसांत ती निम्मी झाली होती. पण आवाज आला तो थोरल्या बहिणीचा, खणखणीत, जवळजवळ चिडलेला.

"कसला जामीन? वेड लागलंय तुला? तू गेलास आणि मी परत फोन केला तिला. म्हटलं, फुआदचं ऐकू नकोस, उद्या सकाळी नीघ. ती ऐकली नाही. म्हणाली, मी माझ्या घरातून हलणार नाही, तुम्ही अमेरिकेत बसून मला सांगू नका. लहानपणापासून कधी कुणाचं ऐकलंय तिने?"

लीना सांगता सांगता थांबली. तिचा हात माझ्या हातात घट्ट झाला. कारण तिलाही माहीत होतं आणि मलाही. फुआद गेल्यावर आम्ही तिघी अंधार पडेपर्यंत त्याच टेबलाशी पानं वळत होतो, आणि फोन फळीवर तसाच पडून होता. दुसऱ्या दिवशी तर हनानच्या वस्तीतलं नेटवर्कच गेलं, ते पुन्हा आलंच नाही.

"विश्वास नाही? विचार उम्म मंदारला," ती म्हणाली. आता इंग्रजीत, मला कळावं म्हणून. "ती होती इथे."

फुआद माझ्याकडे वळला. त्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते की ह्या माणसाला माणसांच्या आवाजातलं खोटं ओळखता यायचं. माझं तर त्याला सहज ओळखता आलं असतं.

मी म्हटलं, "हो. मी होते. तिने फोन केला. जा म्हणाली."

माझा आवाज जराही हलला नाही. मग त्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला, बहिणीच्या पायाशी खाली बसला, आणि हनानचं नाव घेऊन रडायला लागला.